सिंगापुरात दोन पानं

भिकाजी मयेकरांना गावात सगळे सारंग म्हणतात. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. जहाज सोडून त्यांना तीस वर्षांवर झाली, गुडघा तेव्हाच माल उतरवायच्या हॅचमध्ये पडून कामातून गेला, पण नाव काही अंगावरून उतरलं नाही. हे सारंग बायको गेल्यापासून आरे-वारेच्या अलीकडे, समुद्राकडे तोंड केलेल्या घरात एकटे राहतात. यंदा थंडी सरता सरता त्यांच्या डोक्यात सिंगापूर शिरलं.

कुणाला सांगितलं असतं तर म्हातारा चळला म्हणून लोकांनी हात जोडले असते. म्हणून त्यांनी सांगितलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते एसटीची वाट बघत उभे राहिले, तेव्हा शेजारच्या रावजीने विचारलंच, "काय सारंग, सकाळच्या पारी कुठं?"

"हेदवीला. गणपतीचं दर्शन घेऊन येतो."

हेदवी उत्तरेला, आणि सारंग उभे रत्नागिरीच्या बाजूच्या थांब्यावर. पण रावजीचं डोकं तेवढं लांब चालत नाही. संध्याकाळी मात्र त्याने प्रसाद मागितला, आणि सारंगांना शहरातून आणलेले पेढे देवाच्या नावावर वाटावे लागले. दशभुज गणपती समजून घेईल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एवढे हात असलेल्या देवाने एवढ्या तेवढ्यावर रागवू नये.

शहरात मारुती आळीच्या पुढे एका माडीवर सहली काढून देणाऱ्यांचं ऑफिस होतं. तिथे शमिका नावाची मुलगी बसायची. तिने पहिल्यांदा सवयीने रंगीत कागद पुढे केला. गटाची सहल, गाईड मराठी, जेवण मराठी.

"बाय, मला झेंड्यामागून चालायचं नाय," सारंग म्हणाले. "आणि मराठी जेवान खायला सिंगापूरला कशाला जाऊ? स्वस्तात काय बसतं तां सांग."

शमिकाला गंमत वाटली. तिच्याकडे येणारी म्हातारी माणसं पाय दाबत खुर्चीत बसायची आणि हॉटेलात लिफ्ट आहे का विचारायची. हे आजोबा विचारत होते, सेरंगून रोड अजून तिथेच आहे का? हवेलीसारख्या हॉटेलचे दर सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. मग तिने घाबरत घाबरत सांगितलं की एका खोलीत बारा-पंधरा माणसं झोपतात असंही असतं, एकावर एक पलंग, पडदा ओढला की झालं. पण तुमच्या वयाला—

"बंक!" सारंगांचा चेहरा उजळला. "अगो, जन्म गेला माजा बंकात. खालचा मिळाला म्हणजे झालं, गुडघ्यापायी."

मग ते दर आठवड्याला जायला लागले. पासपोर्ट नव्याने काढला. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान स्वस्त पडतं, हे शमिकाने शोधलं. तिथे टॅक्सीत बसायचं नाही, बस नि मेट्रोला चालणारं कार्ड घ्यायचं. नळाचं पाणी पितात, बाटली विकत घ्यायची नाही. बाजारासारख्या मोठ्या छपराखाली शंभर टपऱ्या असतात, चिन्याची, मलयाची, मद्राशाची, तिथे पोटभर खाल्लं तरी खिसा कुरकुरत नाही. सारंग मधेच तिला दुरुस्त करायचे. अमक्या रस्त्यावर मशीद, तिला लागून मारियम्मेचं देऊळ, पुढे चिनी देऊळ, अगरबत्ती तिघांची एकच, वासावरून कळायचं नाही कोणाच्या दारात उभे आहोत. शमिका फोनवर बघायची आणि म्हणायची, "आजोबा, हे सगळं अजून आहे हो!" तेव्हा सारंग असे बसायचे, जणू ते सगळं त्यांनीच सांभाळून ठेवलं होतं.

एकदा तिने सरळच विचारलं, "पण तुम्हाला बघायचंय काय तिथे?"

"बघायचं काय नाय. जेवायचं हाय."

सांगावं की नाही, असा थोडा विचार करून त्यांनी सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ काशीरामही जहाजावर होता, पण वेगळ्या कंपनीच्या. एक सुट्टीवर आला की दुसरा समुद्रात. तीन वर्षं दोघांची गाठ नव्हती. आणि एकदा दोघांची जहाजं एकाच वेळी सिंगापूरला लागली. सेरंगून रोडवर एका मद्राशाच्या हॉटेलात दोघे भाऊ केळीच्या पानावर जेवायला बसले, ते हॉटेलवाल्याने दिवे मालवेपर्यंत उठले नाहीत. काशीराम घरात कधी वडिलांसमोर मान वर न करणारा माणूस. त्याने त्या रात्री सगळं सांगितलं. कुठली मुलगी मनात होती, वडिलांचा राग का, जहाजावर रात्री कशी भीती वाटते. गावी परतल्यावर पुन्हा दोघं आंब्याच्या फवारणीपलीकडे कधी बोलले नाहीत. आता तर काशीरामही नाही.

"परमुलखात माणूस मोकळा होतो, बाय. घरात नाय होत. घरात भिंती ऐकतात."

"मग आता कोणासोबत जेवणार?"

"माजा नितेश हाय ना. जहाजावर सेकंड इंजिनीअर हाय. त्याचं जहाज सिंगापूरला लागतं."

आता एवढं सगळं ठरवणाऱ्या माणसाने मुलाला एक फोन करून विचारायला काय झालं होतं? पण इथेच खरी अडचण होती. जहाजावर माणूस असलेल्या त्या घरांत एक रीत होती. भेटीचा दिवस बोलून दाखवायचा नाही. कधी येणार, हे विचारायचं नाही. विचारलं की जहाज लांबतं. सारंगांची बायको हौसा ही रीत देवाच्या नेमासारखी पाळायची. सारंग बॅग उचलून निघाले की ती एवढंच विचारायची, "पावसाआधी की नंतर?" त्यावर "आधी" किंवा "नंतर" एवढंच म्हणायचं, आणि मागे न बघता चालू लागायचं. नितेश जहाजावर गेला तेव्हा त्यालाही तिने तेच विचारलं. ती गेल्यापासून कोणीच काही विचारत नाही. नितेशची सुट्टी संपून तो पनवेलच्या फ्लॅटमधून निघतो, हे सारंगांना तो विमानात बसल्यावर कळतं.

तर मुलाला विचारायचं नव्हतं. जहाजाचं नाव शमिकाला सांगितलं तेव्हा तिने फोनवर निळा समुद्र उघडला आणि त्यात एक हिरवा बाण दाखवला. "हे बघा, इथे आहे तुमचा मुलगा. आणि हे त्याचं पुढचं बंदर, ही तारीख." सारंग त्या बाणाकडे बघत राहिले. त्यांच्या वेळी आईबापांना असा बाण मिळाला असता तर आई निदान रात्रीची झोपली असती.

शमिकाने तो बाण त्यांच्या फोनवरही बसवून दिला. रात्री ताटाशेजारी फोन ठेवून सारंग जेवायला लागले. आज कोलंबो सोडलंस वाटतं. वारा कसा हाय? जेवलास काय? बाण काही बोलायचा नाही, पण सरकायचा. खरं सांगायचं तर रविवारच्या फोनवर नितेशही साधारण तेवढंच बोलायचा. तब्येत बरी ना, गोळ्या घेता ना, आंबा कसा आहे. बापाने काही नवं काढायच्या आत आवाज तुटायचा. आईच्या वर्षश्राद्धाला तो आला होता, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं. बापलेक एका पंगतीत बसले आणि मधे चार भावकीतले.

जहाजाच्या एका फेरीची तारीख धरून सारंगांनी तिकीट काढलं. जहाज लागायच्या दिवशी पोहोचायचं, पाच दिवस राहायचं. तिकीट इतकं स्वस्त होतं की ते परत होणार नव्हतं. शमिकाने ते दोनदा सांगितलं. "परत कोणाला करायचंय?" सारंग म्हणाले. नितेशला आवडतं म्हणून कुळथाचं पीठ दळून आणलं. आता एक बॅग तेवढी हवी होती, आणि त्या बॅगेने घात केला.

त्यांनी पनवेलला सुनेला फोन केला. "मृणाली, तुमच्याकडे ती चाकाची लहान बॅग होती, ती कोणाबरोबर धाडशील काय?"

"कुठे निघालात बाबा?"

"हेदवीला," सारंग म्हणाले.

हेदवीला चाकाची बॅग कोण नेतो? मृणाली काही रावजी नव्हती. तिने गोड बोलून सगळं काढून घेतलं.

त्याच संध्याकाळी नितेशचा फोन आला. रविवार नव्हता. मागे इंजिनाची घरघर चालू होती.

"बाबा, तुम्ही सिंगापूरला येताय?"

पकडलेल्या पोरासारखे सारंग घाईने म्हणाले, "तिकीट झालंय. तू काय करू नको. गेटाबाहेर ये, मी उभा असेन. चार-पाच दिवसांत एक संध्याकाळ काढशीलच की."

"चार-पाच दिवस कुठले बाबा? जहाज रात्री लागतं आणि दुपारच्या आत सुटतं."

"असं कसं? माल उतरायला—"

"क्रेन उतरवते. गोण्या नाहीत आता, कंटेनरचे डबे आहेत नुसते. तेवढ्या वेळात मला तेल भरून घ्यायचं असतं, मशीन उघडायचं असतं. बाहेर जायचा पास मिळतो, वेळ मिळत नाही. मी आठ वर्षं सिंगापूरला येतोय बाबा. मी सिंगापूर बघितलेलं नाही."

सारंग पडवीतल्या बाकावर बसले. त्यांना वाटत होतं, आपण पोराला त्याच जगात पाठवलंय ज्यात आपण होतो. खलाशी पोर नको, इंजिनीअर होऊ दे, म्हणून हौसाने बांगड्या मोडल्या होत्या. इंजिनीअर झाला, आणि त्याला जमिनीवर पाय ठेवायला मिळत नाही. एवढं लांब जाऊन तोही एका खोलीत एकटाच जेवत होता, इथल्यासारखा. हे आपल्याला कधी विचारावंसंही वाटलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"भेटायचंच होतं तर पनवेलला यायचं ना," नितेश म्हणत होता. "रात्रभराचीही वाट नाही. सिंगापूर कशाला?"

"पनवेलला तू माजा नसतोस रे."

हे तोंडातून गेलं आणि सारंग स्वतःच दचकले. पण आता गेलंच होतं.

"तुला दोष नाय देत. तिथे मृणाली हाय, ईशा हाय, तिची शाळा, तुजे मित्र. भरल्या घरात मी सोफ्यावर बसून ऱ्हातो, पाव्हण्यासारखा. मला वाटलं, परक्या गावात तूही एकटा असशील, मीही एकटा. एका बाकावर बसून जेवू. बोलशील काय तरी. तुजी आई गेल्यावर तू रडलास काय, कुठं रडलास, मला म्हायत नाय. विचारायचं होतं."

फोन तुटला की काय म्हणून सारंगांनी तो कानापासून लांब धरून बघितला. तुटला नव्हता.

"इथंच रडलो," नितेश म्हणाला. "खाली, मशीनजवळ. इथे कोणाला ऐकू जात नाही."

मग तो खूप बोलला. तेव्हा खाली फोन लागायचा नाही आणि आईचा शेवटचा फोन घ्यायला वर येईपर्यंत कट झाला होता, ते. सुट्टीवर घरी आलं की दोन आठवडे झोप लागत नाही, शांततेची सवय नसते, ते. ईशा त्याला बघून पहिले दोन दिवस आईच्या मागे लपते, तेही. सारंगांना काशीराम आठवत होता, पानावर भात तसाच ठेवून बोलणारा.

"तिकीट परत होत नाही म्हणाली मृणाली," शेवटी नितेश म्हणाला.

"नाय होत. मी जाणार हाय."

"एकटे?"

"तू आठ वर्षं त्या गावाच्या दारात जाऊन परत फिरतोस. आपल्या घरातल्या कोणी तरी आत जाऊन बघितलं पायजे. मी नि तुजा काका जेवलो होतो तो मद्राशी अजून असला तर दोन पानं मांडायला सांगेन. तू जहाजावर तुजं ताट घे. रात्र असली तर रात्र. एका गावात तरी जेवू."

नितेश हसला. हसण्यातच त्याला वरून कोणी तरी हाक मारली आणि तो घाईघाईने म्हणाला, "जायला हवं बाबा. ऐका, कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय माझं. या खेपेला आधी तुमच्याकडे येतो. पनवेलला नंतर. मृणालीला मी सांगतो, ती समजेल. दोन दिवस, आपण दोघंच."

"कधी?" हा शब्द सारंगांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला. समोर समुद्रावर अंधार पडत होता आणि लांब कुठल्या तरी जहाजाचा एकच दिवा दिसत होता. निरोप द्यायला हौसा उभी राहायची त्या पडवीच्या खांबाला त्यांनी हात टेकला.

"पावसाआधी की नंतर?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आई गेल्यापासून तीन वर्षांत नितेशला कोणी विचारला नव्हता.

"आधी," नितेश म्हणाला, आणि मग एवढंच म्हणायची रीत असल्यामुळे त्याने फोन ठेवला.