डावीकडे बसवलेला उजवा एक्स-रे

मी दातांचा एक्स-रे बोलतोय. घाबरू नका. मी दात उपटत नाही, टोचत नाही, फक्त दाखवतो. तेही बघणाऱ्याने सुलटं धरलं तर.

माझा जन्म सहा वर्षांच्या एका मुलीच्या उजव्या गालात झाला. मला धरून ठेवायला तिने पट्टी चावायची होती. तिने पट्टी चावली आणि दवाखान्यातल्या ताईंचा अंगठाही. पाच मिनिटांनी डाव्या गालात माझा जुळा भाऊ झाला, तोवर अंगठ्याला चिकटपट्टी लागली होती.

माझ्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका आहे. एका बाजूने फुगीर, दुसरीने खोलगट. फुगीर बाजू वर असली की मी सुलटा. ताई रोज अंगठा फिरवून ते ओळखायच्या, बघायच्याही नाहीत. त्या दिवशीही बघितलं नाही. अंगठ्यावरच्या चिकटपट्टीतून ठिपका जाणवला नाही, आणि आम्ही दोघे पुठ्ठ्याच्या चौकटीत पालथे बसलो. मी गेलो ‘डावी बाजू’ लिहिलेल्या खिडकीत. मला ओरडता येत नाही, ही माझ्या जातीची मोठीच अडचण आहे.

डॉक्टर मुलीच्या बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी चौकट उजेडासमोर धरली.

“खालची डावी दाढ. दोन दाढांच्या फटीत कीड आहे, वरून दिसणार नाही. खोल गेलीय. मुळापर्यंत साफ करून टोपी बसवू. लहान आहे, भूल देऊन करू. सोमवारी सकाळी नऊला या, आणि हा एक्स-रे बरोबर आणा.”

मुलीने उजव्या गालावर बोट ठेवलं. “काका, इकडे दुखतं.”

“लहान मुलांना नेमकं सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“हिला डावं-उजवं कळतच नाही रे,” बाबा म्हणाले. “चपलासुद्धा उलट्या घालते.”

सगळ्यांनी खाली बघितलं. चपला उलट्याच होत्या. वाद मिटला.

मी पाकिटातून घरी आलो आणि फ्रिजवर पडून राहिलो. तीन दिवस मी एकच विचार केला: सोमवारी एका धडधाकट दाढेला भोक पडणार, किडकी तशीच राहणार, आणि पुरावा म्हणून मला दाखवणार. मला फार वाईट वाटत होतं.

शनिवारी सकाळी मुलगी दुधाबरोबर टोस्ट खात होती. आईचा हात पोळपाटावर थांबला.

“अहो, ही डावीकडून चावतेय.”

“मग?”

“डावी दाढ किडलीय ना? किडक्या दाढेने कुणी टोस्ट फोडतं का? मी आणखी एका डॉक्टरांना दाखवणार आहे.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “अगं, त्याला कळलं तर? तीस वर्षांची मैत्री आहे. मी त्याला तोंड कसं दाखवू?”

“तुमचं तोंड नंतर दाखवा. आधी तिचं दाखवू.”

बाबा बराच वेळ पेपरातलं हवामान वाचत बसले. मग उठून त्यांनी फ्रिजवरून मला घेतलं. “चला. पण त्याच्या गल्लीतून नको.”

दुसऱ्या डॉक्टरबाई वयस्क होत्या. मी हातात येताच त्यांचा अंगठा आधी माझ्या कोपऱ्यावर फिरला. तो स्पर्श मी विसरणार नाही.

“ठिपका खोलगट लागतोय,” त्या म्हणाल्या. त्यांनी आम्हा दोघांना काढून सुलटं केलं, मुलीच्या तोंडात बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. “कीड खरी आहे, उपचारही बरोबर सांगितलाय. फक्त दाढ उजवीकडची. तुमच्या डॉक्टरांना कळवा, तेच करतील.”

“मी सांगितलं होतं,” मुलगी म्हणाली.

बाबांनी जिन्यातूनच मित्राला फोन लावला. “रागावू नकोस,” अशी सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले. माझ्या ठिपक्यावरून त्यांनी तीन-चारदा अंगठा फिरवला. मग बाबांकडे न बघता ते मुलीसमोर उकिडवे बसले. “चुकलो गं मी. तू बोट ठेवलंस, मी बघितलंच नाही. आता सांग, कुठे दुखतं?”

तिने दाखवलं. सोमवारी भूल देण्याआधी त्यांनी तिला परत विचारलं आणि तिथेच गालावर पेनने फुली मारली. उजवी दाढ बरी झाली. मैत्रीलाही काही झालं नाही.

याला पाच वर्षं झाली. मी आता कपाटातल्या खणात असतो, थोडा पिवळा पडलोय. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद आला, तर कोपऱ्यावरून अंगठा फिरवा. आणि शंका आली तर आणखी एकदा दाखवून घ्या, कुणाला काय वाटेल ते नंतर बघता येतं.

मागच्या आठवड्यात मुलीची ती डावी दाढ पेन्सिल चावताना आपोआप पडली. पांढरीशुभ्र, एकही भोक नाही. आईने ती बराच वेळ तळहातावर धरली आणि माझ्याच पाकिटात ठेवली. आता आम्ही शेजारी आहोत. त्या सोमवारी नऊ वाजता तिचं काय होणार होतं, ते मी तिला सांगितलेलं नाही.