सूर्यभानची पुढची जागा

अमरावतीच्या त्या छोट्या प्रार्थनाघरात सूर्यभान सगळ्यांत पुढं बसायचा. अगदी पाळकसाहेबांच्या पायाशी. लोक म्हणत, काय श्रद्धा आहे या कुणब्याची! श्रद्धा कसली डोंबलाची! प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घोटघोट घ्यायच्या द्राक्षरसाचा, एकच प्याला पुढून मागं जायचा. सूर्यभान पहिला, म्हणजे महारवाड्यातल्या कुणाचे ओठ लागायच्या आत त्याचा घोट घेऊन व्हायचा. बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं झाली होती, येशू त्याला मनापासून पटला होता, पण एवढं एक काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

त्यात घरी कौशल्या. तिनं धर्म सोडला नव्हता अन् नवराही सोडला नव्हता. माहेरच्यांशी भांडून ती राहिली, ती एकाच अटीवर. "देव कोनताबी धरा, पन महारवाड्यातल्यायचं उष्टं ज्या दिवशी तोंडाले लावसान, त्या दिवशी मी चालली माहेरी नांदगावले." प्रभुभोजनाच्या रविवारी तो परतला की ती दारातच विचारायची, "पुढंच बसले होते ना?" हो म्हटलं की मगच ताट वाढायची.

यंदा कापसानं सगळ्यांना वेड लावलं होतं. तिकडं अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडं कापसाला सोन्याचा भाव, रविवारीसुद्धा गाड्या बाजारात. मंडळी निम्मी झाली. पाळकसाहेब रडकुंडीला आले. "महिनाभर एकच मागा," ते म्हणाले. "प्रभू, या मंडळीत नवा जीव घाल." अन् सगळ्यांत मोठ्या आवाजात मागायचा कोण? आपला सूर्यभान! मागून झालं की मात्र त्याच्या मनात यायचं, प्रभूनं ऐकलं अन् आपल्यापासूनच सुरुवात केली तर? त्याला जेवण जाईना, वखर हाकताना मन लागेना.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन होतं, अन् कापसाच्या गाड्यांनी रस्ता असा अडवला की सूर्यभान पोचला तेव्हा प्रार्थना अर्धी उरकली होती. पुरुष पुढं, बाया मागं, अन् जागा उरली होती ती थेट दाराशी, जयवंताबाईच्या मागं. बाजारात कापसाची गाठोडी वाहणारी ही महारवाड्यातली म्हातारी; तिथले बाकीचे सगळे आज हमालीला गेलेले, आली होती ती एकटीच. उठून जावं तर बोभाटा, बसावं तर घर मोडतं. प्याला एकेकाच्या हातून मागं सरकत होता आणि सूर्यभान मधली उरलेली डोकी मोजत होता.

जयवंताबाईनं प्याला घेतला, पण ओठाला लावला नाही. मागं वळून तिनं तो त्याच्यापुढं धरला.

"आदी तुमी घ्या, दादा," ती हळूच म्हणाली. "मी मागून घेतो."

राग नाही, टोमणा नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं! तीन वर्षं ठाऊक होतं, अन् तरी ही बाई त्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आली होती. सूर्यभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही, माय," तो कसाबसा बोलला. "तू घे. मले तुह्या मागूनच पायजे."

तिनं घोट घेतला. मग त्यानं घेतला. पाळकसाहेब डोळे मिटून अजून नवा जीव मागतच होते, त्यांना काही कळलंही नाही.

घरी कौशल्या दारातच होती. "पुढंच बसले होते ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," तो म्हणाला. "दाराशी बसलो. जयवंताबाईच्या मागून घेतलं."

ती आत गेली. बराच वेळ भांडी वाजत राहिली. गाठोडं बांधते की काय, म्हणून तो कान लावून ऐकत होता. मग ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, पण तांब्या काही तिनं त्याच्या हातात दिला नाही. उंच धरला. सूर्यभान अंगणात उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ केली. महारवाड्यातल्या माणसांना त्यानं जन्मभर असंच वरून पाणी घातलं होतं. ओंजळ धरणाऱ्याला मान किती खाली घालावी लागते, ते त्याला आज कळलं.

कौशल्या रडत होती. तांब्या हलत होता आणि निम्मं पाणी मातीत जात होतं.

"नांदगावले जाऊ नको," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा ओंजळ पुढं केली.