पश्चिमेला जाण्याची कारणं

कुशलने बदली घेतली ती देवयानीला न विचारता. शॅनन या आयरिश गावातल्या ज्या प्लांटमध्ये तो हृदयाच्या झडपांचे भाग बनवायचा, त्या कंपनीचं नवं युनिट अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात उभं राहत होतं. तिकडे जायला कोण तयार आहे, असं मीटिंगमध्ये विचारलं आणि याने तिथल्या तिथे हात वर केला. घरी आल्यावर दाराशी ओले बूट काढता काढता त्याने हे सांगितलं, येताना दूध आणलंय असं सांगावं तसं.

"तिकडे पगार चांगला आहे," तो म्हणाला. "मोठं घर मिळेल. इथे काय आहे आपलं, सांग ना?"

देवयानी पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

इथे काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या फेब्रुवारीत त्यांना मुलगी झाली आणि एक रात्रही पुरी न काढता गेली. इरावती. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, म्हणून गावाबाहेरच्या दफनभूमीत, लहान मुलांसाठी राखलेल्या कोपऱ्यात तिला पुरलं होतं. देवयानी दर रविवारी तिथे जायची. कुशल त्या दिवसानंतर एकदाही फिरकला नव्हता. कधी पाठ धरलेली असायची, कधी ओव्हरटाइम.

त्याच आठवड्यात तिचा लिमरिकच्या विद्यापीठात तास होता. मेनूथला पीएच.डी. केल्यापासून ती हाच विषय शिकवत आली होती. एकोणिसाव्या शतकातली अमेरिका इतक्या झपाट्याने पश्चिमेकडे का पसरली? कारणं तिच्या जिभेवर होती. फ्रान्सकडून विकत घेतलेला अफाट मुलूख, कापसाने निःसत्त्व झालेली जुनी शेतं, कॅलिफोर्नियातलं सोनं, मग रेल्वे. पाच वर्षं राहून कसून दाखवली की एकशे साठ एकर जमीन जवळजवळ फुकट देणारा कायदा. देवानेच हा खंड आपल्याला नेमून दिलाय, ही घमेंड. आणि सगळ्यांच्या मुळाशी एक खोटं, की ती जमीन रिकामी आहे. रिकामी कुठली? तिथे पिढ्यान् पिढ्या नांदणारी माणसं होती. त्यांच्याशी केलेले करार मोडून, बंदुका रोखून त्यांना हुसकावलं, तेव्हा ती रिकामी झाली.

नीव्ह नावाची, क्लेअरमधल्या शेतकऱ्याची मुलगी पुढच्या बाकावर बसायची. तिने विचारलं, "पण पश्चिमेकडे जाताना वाटेत जी माणसं मेली, त्यांचं काय करायचे?"

"पुरायचे," देवयानी म्हणाली. "कॉलऱ्याने तर रोज कोणी ना कोणी जायचं. लांडगे उकरतील म्हणून खड्डा वाटेच्या मधोमध खणायचे. मग तांड्यातल्या मागच्या सगळ्या बैलगाड्या त्याच्यावरून न्यायच्या. माती दाबली जायची, खूण राहायची नाही. लहान मुलांनासुद्धा..."

"आज इथेच थांबू," एवढंच कसंबसं बोलून ती वर्गाबाहेर पडली.

शनिवारी तिने कुशलला म्हटलं, "उद्या एकदा चल माझ्याबरोबर. मग जा कुठे जायचंय तिथे."

तो आला खरा, पण दफनभूमीच्या फाटकाशी गाडी थांबली आणि तो उतरेच ना. पाऊस बारीक, न थांबणारा. देवयानी एकटी जाऊन, फुलं ठेवून परत आली, तेव्हा तो स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता.

"मला नाही जमत," तो म्हणाला.

"म्हणून हात वर केलास?"

तो समोरच्या काचेकडे बघतच बोलायला लागला.

"नर्सने तिला माझ्याकडे दिलं होतं. तू शुद्धीवर नव्हतीस. गरम होती गं ती, आपल्या पोळीच्या डब्यासारखी. आणि मग हळूहळू नव्हती. मी तिला शर्टाच्या आत घेतलं, तरी गार होत गेली." त्याचा आवाज फाटला. "इथे पाऊस लागला की मला वाटतं, पाणी खाली मुरतंय. तिच्यापर्यंत जातंय. आणि इथे रोज पाऊस असतो, देवयानी. रोज."

अ‍ॅरिझोना. वाळवंट. पगार नव्हे, घर नव्हे. ज्या मुलखात पाऊस जवळजवळ पडतच नाही तिथे जायचं होतं त्याला. तिने त्याचा हात धरला. एवढे महिने हा माणूस शेजारी झोपत होता आणि हे तिला माहीत नव्हतं.

"तूही चल ना," तो म्हणाला.

"तिला इथे एकटीला टाकून?"

"ती नाहीये आता."

"मग तू पळतोयस कुणापासून?"

आपण फार कठोर बोललो हे तिला कळलं. पण शब्द तिने मागे घेतला नाही.

मे महिन्यात तो गेला. देवयानीनेच त्याला विमानतळावर सोडलं. पहिले काही महिने प्रत्येक व्हिडिओ कॉलच्या शेवटी तो विचारायचा, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू, टर्म संपू दे." त्याला तिकडे झोप लागायला लागली होती. त्याच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता. ते पाहून तिला बरं वाटायचं आणि त्याच क्षणी त्याचा रागही यायचा. नाताळच्या सुमारास त्याने विचारायचं सोडलं. तिनेही विषय काढला नाही.

वेगळं व्हायचं ठरलं ते भांडणाशिवाय. वाटणी करण्यासारखं दोघांकडे फारसं काही नव्हतंच. सगळं बोलून झाल्यावर कुशल म्हणाला, "एक मागू? माती बसली असेल ना एव्हाना. तिथे तिच्या नावाचा दगड लावशील तेव्हा त्यावर माझंही नाव घाल."

वसंतात तिने इरावतीच्या नावाखाली दोघांचीही नावं कोरलेला दगड लावून घेतला. कोरणाऱ्या म्हाताऱ्याने, मुलीचे वडील येणार आहेत का बघायला, असं विचारलं. देवयानी नाही म्हणाली. पावसात धरलेली छत्री तिच्या हातात देऊन त्याने गुडघे टेकले आणि दगडाच्या कडेची माती हाताने दाबून घट्ट केली.