सोळावर ठेवलेली खोली

साहेबांनी मेहुण्याला खरेदी विभाग दिला तो बायकोच्या आग्रहाखातर, आणि मेहुण्याने स्वस्तातले क्रिस्टल आणले ते स्वतःच्या हुशारीवर. आम्ही कारखान्यांसाठी छोटे संगणक बनवतो. त्यांच्या आतलं घड्याळ क्रिस्टलच्या कंपनांवर चालतं. चांगला क्रिस्टल हवा बदलली तरी फारसा ढळत नाही. हे मात्र नव्या जावयासारखे. जरा कमीजास्त झालं की बिनसलेच.

मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली: संगणक आठवडाभर आमच्याच खोलीत सीलबंद चालतील, घड्याळ एका सेकंदापेक्षा जास्त चुकलं तर ऑर्डर रद्द. साहेब मेहुण्याला म्हणाले, "ऑर्डर गेली तर तूही गेलास."

मेहुणा घाम पुसत माझ्याकडे, चाचणी विभागात आला. "मॅडम, गरमीत घड्याळ मागं पडतं म्हणे?"

"हो. मी ती पंचवीस अंशांवर जुळवली आहेत. खोली पंचविसावर ठेवा आणि बाकी काही करू नका."

"पंचविसाला माझा शर्ट भिजतो! चांगली गार ठेवू."

"गारठ्यातही ती मागंच पडतात."

"दोन्हीकडे मागं? गरमीत सुस्ती येते, मग थंडीत तरतरी नको यायला?"

"क्रिस्टल आहे तो. तुम्ही नाही."

"तुम्ही शिकलेली माणसं ना, सरळ गोष्ट वाकडी करून सांगता."

त्याने एसी सोळावर टाकला आणि रिमोट खिशात घालून घरी नेला. आठवडाभर आम्ही स्वेटर घालून सोल्डरिंग केलं. तो रोज दारातूनच विचारायचा, "गार आहे ना?" कुणाचे तरी दात वाजलेले ऐकू आले की समाधानाने जायचा.

सील उघडलं. एकजात सगळी घड्याळं मागे. गिऱ्हाईक चहाही न घेता गेलं.

"दाजी, एसी कमी पडला," मेहुणा म्हणाला.

"चालता हो!"

मेहुण्याने तिथंच उभं राहून ताईला फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेब "हं" म्हणाले, मग "अगं पण", मग नुसतंच "हं".

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की झाल्या प्रकारामुळे मेहुण्याकडून खरेदी काढून घेतली आहे. आता तो चाचणी विभाग सांभाळेल. म्हणजे मला.

काम समजावून द्यावं म्हणून मी क्रिस्टलचा आलेख त्याच्यासमोर ठेवला: मध्ये पंचवीस, दोन्ही बाजूंना उतरत गेलेली रेघ. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि उलटा करून भिंतीवर चिकटवला.

"वरच्यांना नेहमी वर जाणारी रेघ दाखवायची, मॅडम. एवढं शिकलात, पण हे कोणी शिकवलंच नाही का?"