गवत सोडून पाण्यात

मी बोलतोय. लवकर ऐकून घ्या, कारण एकदा गप्प झालो की मला पुन्हा बोलतं करायला दोरी ओढावी लागते, आणि ती ओढताना माणसं जे काही पुटपुटतात ते ऐकायची मला अजिबात हौस नाही.

मी जन्माने गवत कापायचं यंत्र. वरच्या टोकाला मी स्वतः, म्हणजे इंजिन, खाली लांब पाइप, पाइपच्या आत गरगरणारा दांडा आणि तळाशी पातं. माळ्याने पट्टा खांद्यात अडकवायचा, मला सुरू करायचं आणि गवतावरून फिरवायचं. इतकं सरळ काम. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर तसं चित्रही चिकटवलं होतं. गवत, बूट घातलेला माणूस आणि पाण्याच्या थेंबावर मोठी लाल फुली. ती फुली कशासाठी आहे हे कोणालाही कळावं. एक माणूस सोडून. त्याच्याकडे येतोच.

माझा पहिला मालक एका शाळेच्या बागेतला माळी. माणूस वाईट नव्हता, पण धांदरट. माझ्या पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळावं लागतं. त्याला ते आठवलं तर आठवलं, नाही तर मी कोरड्या घशाने दिवसभर राबायचो. वर तोच म्हणणार, ‘हे यंत्र फार तापट आहे.’ पुढे शाळेने बसून चालवायचं नवं यंत्र घेतलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. माझ्या पोटातलं पेट्रोल काढून ठेवावं एवढी साधी अक्कल कोणाला सुचली नाही. ते आत सुकून त्याचा डिंक झाला. मग भंगारवाला. पातं कोणीतरी आधीच पळवलं होतं.

भंगाराच्या ढिगात मला टेलरमास्तरांनी पाहिलं. ते आले होते शिलाई मशीनचं चाक शोधायला. मला उचललं, उलटंपालटं केलं, दोरीला हिसका दिला. मी हूं की चूं केलं नाही. त्यावर हे गृहस्थ खूश होऊन म्हणतात, “हेच पाहिजे होतं.”

आता मास्तरांची अडचण सांगतो, म्हणजे माझी अडचण तुम्हाला कळेल. मास्तरांचं घर आणि दुकान तळ्याच्या अलीकडे. पलीकडच्या काठावर त्यांची थोरली बहीण, ताई, एकटी राहते. रस्त्याने जायचं तर तळ्याला वळसा, बस बदला, पुन्हा चाला, अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून मास्तर दिवसाआड नाव वल्हवत जायचे, ताईची खबरबात घ्यायचे आणि परत यायचे. पण जन्मभर शिलाई आणि इस्त्री करून त्यांचा उजवा खांदा आखडला. वल्ही मारणं बंद झालं.

ताईचा मुलगा शहरात नोकरीला. त्याने मामाला फोनवर स्पष्ट सांगितलं, “मामा, तू जात होतास म्हणून मला घोर नव्हता. आता तिला काही झालं तर कळणार कसं? पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी येतोय. आईला घेऊन जातो आणि घर विकायला काढतो.”

ताई म्हणाली, “मी या घरातून हलणार नाही.”

भरपूर वादावादी झाली आणि शेवटी ठरलं असं की त्या रविवारी मामा स्वतः नावेने येऊन दाखवेल. आला तर ताई राहील. नाही आला तर सामान बांधायचं.

म्हणजे बघा. एका बाईचं घर राहणार की जाणार, हे माझ्या गळ्यात. गवत कापणाऱ्याच्या!

मास्तरांनी माझ्या आतला डिंक शिलाईच्या सुईने कोरून काढला. ते काम छान केलं, मी नाही म्हणत नाही. सुरूही झालो. पण मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि माझी मापं घ्यायला लागले. उंची, घेर, सगळं. आणि तिथेच घोळाला सुरुवात झाली.

शिंप्याला एक खोड असते. तो कुठेही बरोबर मापावर कापत नाही. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड ठेवतो, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला ते माया म्हणतात. कपड्यात ठीक आहे. मास्तरांनी माझ्यातही ठेवली. पाइप पाण्यात पोचला पाहिजे म्हणून वेल्डिंगवाल्याकडून जोड लावून घेतला, तो वीतभर लांब. नाव ढकलायला पात्याच्या जागी बसवायच्या पंख्याचं भोक दांड्यापेक्षा मोठं. नावेवर मला आवळायची पट्टी, तीही सैल. वेल्डिंगवाला बिचारा विचारून थकला, “मास्तर, एवढं कशाला?” मास्तर म्हणणार, “असू दे. कमी पडण्यापेक्षा बरं.”

पंख्याची पाती कापायच्या आधी त्यांनी कागद बेतून घेतला. गळ्याचा बेततात तसा. मग तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून खडूने रेघा मारल्या.

“अहो, मोठ्या पातेल्याचं झाकण दिसत नाही,” आतून काकूंचा आवाज आला. काकू म्हणजे मास्तरांची बायको.

“असेल तिथेच कुठेतरी.”

“तुमच्या हातात आहे.”

मास्तरांनी कात्री चालवून टाकली. आता काय करणार होत्या त्या?

पहिली चाचणी तळ्याच्या काठाशी झाली. मी जीव तोडून ओरडत होतो आणि नाव जागची हलत नव्हती. माझा वीतभर लांब पाइप तळाच्या चिखलात रुतून बसला होता. पंखा दांड्यावर खुळखुळ्यासारखा वाजत होता. मास्तरांनी त्यावर काय उपाय केला असेल? भोकात कापडाची चिंधी कोंबली. मी इंजिन आहे, उशी नाही, पण सांगणार कोणाला?

“चालू आहे ना ते?” काठावरून काकूंनी विचारलं.

“चालू आहे.”

“मग नाव का थांबलीय?”

मास्तरांनी मला बंद केलं. घरी आल्यावर काकूंनी खडू उचलला, मला आडवं पाडलं आणि पाइपवर रेघ मारली.

“इथे कापून आणा.”

“अगं, आणि कमी पडलं तर?”

“हा काय ब्लाउज आहे, पुढच्या वर्षी सैल करायला? त्या भोकाचंही बघा. रविवार आठवड्यावर आलाय आणि तुम्ही चिंध्या कोंबताय.”

मास्तरांनी त्या रेघेपाशी दोनदा टेप लावून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला होता. मग मला घेऊन गेले आणि त्या रेघेवर, नेमकं तिथेच, कापून घेतलं. भोकात घट्ट बसणारी कडी घातली. उभ्या आयुष्यात या माणसाने बिनमायेचं केलेलं हे पहिलंच काम असावं.

रविवार उजाडला. आजवर माझी दोरी वेल्डिंगवाला ओढायचा; आज मला नावेवर चढवल्यावर मास्तरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. खांदा वाचवायला त्यांनी मला बनवलं, आणि मला सुरू करायला तोच खांदा लागतो. धन्य. शेवटी काकूंनी पदर खोचला आणि त्यांनीच दोरी ओढली. नाव निघाली, आणि चक्क सरळ निघाली. मास्तर माझी मूठ धरून असे ताठ बसले होते की जणू जहाज हाकतायत.

पलीकडच्या काठावर ताई आणि भाचा उभे होते. मास्तरांनी ऐटीत मला बंद केलं. चहा झाला. भाचाही नरमला होता. “मामा, मानलं तुला,” म्हणाला.

मग परत निघायची वेळ झाली. मास्तरांनी दोरी ओढली. एकदा ओढली, दोनदा ओढली, आणि खांदा धरून मटकन खाली बसले. कळ इतकी होती की त्यांना बोलवेना. भाचा पुढे सरसावला. त्याने मला कसंही, कुठल्याही कोनात, दातओठ खात ओढलं. माझ्या नाकातोंडात पेट्रोल गेलं. दोरी ओढायची एक रीत असते, ती कोण शिकवणार याला?

भाचा घाम पुसत म्हणाला, “आई, बघितलंस? मामा येऊ शकतो, पण त्याला परत जाता येत नाही. हे असं दिवसाआड चालणार आहे का? तू सामान बांध.”

मास्तरांनी मान खाली घातली. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचाच संताप आला.

ताई पाण्यात उतरली. रोज विहिरीवरून पाणी ओढणारे हात ते. तिने मुलाला बाजूला केलं, मला जरा दम घेऊ दिला, नावेच्या कडेला पाय टेकवला, दोरी हलकेच अडेपर्यंत आणली आणि मग एकच झटका दिला. मी सुरू झालो. तशा हातापुढे कुरकूर करायची सोयच नव्हती.

माझ्या आवाजावर आवाज चढवून तिने मुलाला विचारलं, “तुझ्या मामाला परत पाठवायला मी आहे की इथे. मग सामान कशाला बांधू?”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि नाव पाण्यात लोटली. संध्याकाळी तो शहराला गेला, एकटाच.

तेव्हापासून हे असं चाललंय. दिवसाआड या काठाला काकू ओढतात, त्या काठाला ताई ओढते, आणि मधे मास्तर मिजाशीत बसतात. माझा रंग उडालाय, स्क्रू ढिले झालेत, पाण्यावरची फुली तर कधीच धुऊन निघाली. तक्रार करून उपयोग नाही हे मला कळलंय. करायची तेवढी करतोच.

पण मास्तरांना अलीकडे नवीनच लहर आलीय. परवा भर तळ्यात पोचल्यावर म्हणाले, “जरा बंद करू या का, किती शांत आहे इथे,” आणि त्यांचा हात माझ्या बटणाकडे आला. मास्तर, पाया पडतो तुमच्या. काय हवी ती शांतता काठावर जाऊन भोगा. इथे मधे आपल्या दोघांना सुरू करायला कोणी बसलेलं नाही.