हाताने वळलेली कॉइल

नॉरिस केलेटच्या टँकमधली कॉइल आता कुठेच मिळणार नाही, हे त्याला सांगायचं मी दोन आठवडे टाळलं. शेवटची डबी संपली आणि मग टाळता येईना.

इंग्लंडातल्या बॅरो गावात माझं व्हेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटींचं, छोटं दुकान आहे. नॉरिस माझ्याकडे सव्वा वर्षापासून येत होता. वय अडुसष्ट. गोदीत इलेक्ट्रिशियन होता, पाणबुड्यांच्या पोटात तारा ओढण्यात जन्म गेलेला. अठ्ठेचाळीस वर्षं सिगारेट ओढली. हृदयात दोन स्टेंट बसले तेव्हा डॉक्टरने स्पष्ट शब्दांत समज दिली, तसा तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. निकोटिनच्या चिकटपट्ट्या, च्युइंगम, गोळ्या, सगळं करून झालं होतं. लागू पडला तो एक टँक, आणि त्यातही एकाच जातीची कॉइल. तिची वाफ घशाला सिगारेटीसारखी लागते, असं तो म्हणायचा.

"बंद म्हणजे?" त्याने विचारलं. गोदीतल्या हातोड्यांनी त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो सगळं दोनदा विचारायचा. पण या वेळी त्याने पहिल्यांदाच नीट ऐकलं होतं.

"बंद म्हणजे कंपनीने बनवणंच थांबवलं. मी तीन व्यापाऱ्यांना फोन केले. कुणाकडेच नाही."

"मग मी काय करू? परत सिगारेट धरू?"

तो हे चेष्टेत म्हणाला, पण त्याचा हात खिशावर गेला. पूर्वी पाकीट असायचं त्या खिशावर.

मी त्याच्यासमोर दोन टँक ठेवले. एक नेहमीचा. त्यात करंगळीच्या पेराएवढं तयार नळकांडं बसतं. आत तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि कापसाची वात. वात निकोटिनच्या रसात भिजते, तार तापते, वाफ निघते. आठ-दहा दिवसांनी वात करपली की नळकांडं फेकायचं, नवं घालायचं. दुसरा टँक हाताने बांधायचा. त्यात तळाला नुसती चकती आणि दोन स्क्रू. तार आपण वळायची, स्क्रूत आवळायची, बटण दाबून लाल करून बघायची, मग वात ओवायची.

"तुम्ही पहिला घ्या," मी म्हटलं. "चवीची सवय होईल हळूहळू."

"आणि वर्षाने तेही बंद करतील."

"करतील कदाचित."

"हा दुसरा कोण बंद करणार? तार काय जगातून संपणार आहे?" त्याने चकती उचलून उजेडात धरली. "पोरी, मी चाळीस वर्षं तारा जोडल्यात. मला असल्या डब्या विकत आणायला लावू नकोस."

खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. माणूस जाणकार होता. मी त्याला काउंटरवर दोन तास शिकवलं. तार खिळ्याभोवती कशी वळायची, किती वेढे घ्यायचे, मीटरवर ओहम किती यायला हवेत, बॅटरीचं वेष्टन फाटलेलं असेल तर ती सरळ का फेकायची. तारेची दोन्ही टोकं धातूला चिकटता कामा नयेत, हे मी चारदा सांगितलं. त्याने पाचव्यांदा मलाच सांगितलं. त्याची पहिली कॉइल माझ्या कुठल्याही कॉइलपेक्षा देखणी झाली.

घरी कोण असतं, कसं असतं, हे मी विचारलं नाही. बायकोचं नाव डोरीन आणि ती हल्ली फारशी बाहेर पडत नाही, एवढंच मला माहीत होतं.

पुढच्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानात नॉरिसचा फोन आला.

"लिनेट, कॉइल एकाच बाजूने लाल होतेय. डावीकडचे वेढे पेटतात, उजवीकडचे काळेच. स्क्रू ढिला असेल का?"

"असेल. दोन्ही आवळून बघा. चिमट्याने वेढे एकमेकांजवळ..."

मी थांबले. त्याच्या मागून एक आवाज येत होता. बारीक घरघर, मग एक उसासा. घरघर, मग उसासा. माझ्या वडिलांच्या शेवटच्या अडीच वर्षांत हा आवाज आमच्या घरात रात्रंदिवस होता. मी तो झोपेतही ओळखला असता.

"नॉरिस, तो आवाज कसला?"

"काय?"

"मागचा आवाज. प्राणवायूचं यंत्र आहे का घरात?"

"डोरीनचं. फुप्फुसांसाठी. सप्टेंबरपासून आहे. थांब, आवळतो आणि परत दाबून बघतो. डोरीन, ते भिंग इकडे आण गं."

"दाबू नका. नॉरिस, बटण दाबू नका. ऐकलंत का?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली. एका बाईचं हसणं ऐकू आलं, अगदी जवळून. मी त्याचं नाव घेऊन ओरडले, दोनदा, तीनदा. ते ओरडणं तिकडे कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही.

दाराला कुलूप लावायलाही मी थांबले नाही. नॉरिसचं घर वरच्या गल्लीत, चालत सात मिनिटं. पळत किती, ते मला ठाऊक नव्हतं, कारण गेल्या वीस वर्षांत मी पळाले नव्हते. पळतापळता मोबाइलवरून पुन्हा नंबर लावला. लाइन गुंतलेली. त्याने फोन जागेवर ठेवलाच नव्हता. खाडीवरून येणारं वारं तोंडावर बसत होतं आणि मनात एकच हिशेब चालू होता. त्याने आवळलं असेल. आता मीटर लावला असेल. आता अंगठा बटणावर.

पुढच्या दाराची घंटा वाजवली तर तो दचकेल किंवा त्याला ऐकूच येणार नाही, म्हणून मी मागच्या बोळातून गेले. अंगणाचं फाटक उघडं होतं. स्वयंपाकघराच्या काचेतून मला दोघं दिसली.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर उघडी चकती लावलेलं वाफेचं यंत्र, नॉरिसच्या मुठीत. शेजारी डोरीन, अंगात जाड लोकरी स्वेटर, नाकाखाली पारदर्शक नळी, दोन्ही कानांवरून मागे घेतलेली. हातात भिंग. कुठले वेढे लाल होतात ते बघायला ती इतकी वाकली होती की नळी त्या तारेपासून वीतभरही दूर नव्हती.

ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडले असते तर दचकून त्याचा अंगठा दाबला गेला असता. मी दार हळू उघडलं आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हटलं, "मीच आले. दाखवा बघू."

डोरीनने वर पाहिलं. "आलीस होय. मी म्हणतच होते, हा तुला धंदा करू देणार नाही."

"नॉरिस, ते माझ्याकडे द्या."

"आधी बघ तर. डावीकडचे बघ हं."

त्याचा अंगठा हलला. मी टेबलापाशी पोचले होते. दुसरं काही सुचलं नाही. मी ती तार तळहातात घेऊन मूठ मिटली.

डोळ्यांपुढे पांढरं झालं. अर्धा सेकंद असेल किंवा एक. त्याने अंगठा काढला, पण तोवर करपल्याचा वास आला होता, आणि तो वास कापसाचा नव्हता. मी दुसऱ्या हाताने यंत्र हिसकावलं, बॅटरी काढली, दोन्ही कोटाच्या खिशात टाकली आणि खिडकी सताड उघडली.

"काय केलंस हे?" नॉरिस उभा राहिला. "हात दाखव. वेडी आहेस का?"

"दारही उघडा. आणि डोरीन, तुम्ही तिकडे खिडकीजवळ बसा."

डोरीन मला न विचारता उठली. माझा हात मनगटाला धरून तिने नळाखाली नेला आणि गार पाणी सोडलं. तिच्या नळीची शेपटी फरशीवरून बैठकीच्या खोलीकडे गेली होती. तिथून घरघर ऐकू येत होती.

"आता सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. नळीतून येणारा सगळा प्राणवायू काही नाकात जात नाही. तो स्वेटरात साठतो, केसांत, पडद्यांत. अशा हवेत लाल झालेली तार म्हणजे पेटलेली काडीच. लोकरीने एकदा पेट घेतला की हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही.

"सिगारेट ओढता का, असं यंत्र बसवताना नर्सने विचारलं होतं," नॉरिस म्हणाला. "मी नाही म्हणालो. खोटं बोललो का मी?"

"नाही."

"मी ओढायला तर बाहेरच जातो. हे नुसतं बांधत होतो. नुसतं..."

तो मध्येच थांबला. टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे, भिंगाकडे बघत राहिला.

"पाणबुडीत प्राणवायूच्या नळीजवळ कुणी बॅटरी बदलायला नुसता टॉर्च उघडला असता," तो सावकाश म्हणाला, "तरी मी त्याला कॉलर धरून बाहेर काढलं असतं. दर सहा महिन्यांनी मीच शिकवायचो पोरांना. मीच." मग तो डोरीनकडे वळला. "सकाळपासून सहा वेळा दाबलंय मी."

"सात वेळा," डोरीन म्हणाली. "भिंग माझ्या हातात होतं. मला तरी अक्कल कुठे होती?"

तो अंगणात निघून गेला. भिंतीला टेकून पाठमोरा उभा राहिला. डोरीनने वीस मिनिटं माझा हात पाण्याखालून काढू दिला नाही. तळहातावर दोन समांतर फोड आले होते.

मी निघाले तेव्हा नॉरिस फाटकापर्यंत आला. "नर्सला सांगू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ते प्राणवायूचं यंत्र उचलून नेतील. धोका वाटला तर नेतात, पत्रकात लिहिलंय. त्याशिवाय ती जिनासुद्धा चढू शकत नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मी आता करणार नाही ना. शब्द देतो."

त्याचा शब्द खरा होता, यात मला शंका नव्हती. तरी मी काही कबूल केलं नाही. वडिलांच्या वेळी मीसुद्धा नर्सपासून बरंच लपवलं होतं. ते यंत्र गेलं तर काय होतं, ते मला चांगलं माहीत होतं. दुकानात परत येऊन मी फोनसमोर बसले. ना फोन उचलवत होता, ना तिथून उठवत होतं.

माझ्या आधी डोरीननेच नर्सला फोन केला. मला कळलं ते गुरुवारी, तिने दुकानात फोन करून सांगितलं तेव्हा. "उद्या दोनला येतायत. तू ये. हा काही बोलणार नाही, आणि मला बोलताना धाप लागते."

"नॉरिस काय म्हणाले?"

"कालपासून बोलत नाहीये. चालायला जातो, परत येतो, दात घासतो. इतक्या वेळा दात घासताना मी त्याला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं."

मी काय ते समजले. त्याचं वाफेचं यंत्र माझ्या कोटाच्या खिशात राहिलं होतं. त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

शुक्रवारी नर्स वेळेवर आली. चाळिशीची, शांत बाई. तिने सगळं ऐकून घेतलं, नळीची लांबी मोजली, टेबल आणि यंत्र यांच्यातलं अंतर मोजलं, डोरीनच्या स्वेटरची बाही हातात घेऊन बघितली. मग लिहीत बसली. केलेटांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही तिघं, ते घरघरणारं यंत्र आणि तिचं पेन. चहा गार झाला. नॉरिसने कोटाचं बटण इतकं पिळलं की ते हातात आलं.

"या घरात सध्या कुणी सिगारेट ओढतं?" तिने विचारलं.

मी नॉरिसकडे बघितलं नाही.

"बुधवारपासून पाच ओढल्या," तो म्हणाला. "पुलाच्या पलीकडे जाऊन. घरात नाही, अंगणातही नाही. पाकीट तिथेच कचऱ्यात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी परत नवं घेतलं." त्याने घसा साफ केला. "लिहा. काय लिहायचं ते लिहा. पण यंत्र न्यायचं असेल तर त्याऐवजी मला घराबाहेर काढा. मी भावाकडे राहीन."

"गप बस," डोरीन म्हणाली. "तुझा भाऊ तुला दोन दिवस ठेवणार नाही."

नर्सने पेन खाली ठेवलं. "यंत्र राहील," ती म्हणाली. "पण अटी आहेत."

अटी कडक होत्या. वाफ ओढायची ती फाटकाबाहेर. वाफेचं यंत्र, बॅटरी, चार्जर, सगळं शेडमध्ये. घरात काहीच नाही. तार तापवणं, जोडणं, तपासणं या घराच्या आवारात कधीही नाही. एका महिन्यात दोनदा न कळवता तपासणी. पुन्हा असं आढळलं तर प्रकरण वर जाईल, आणि मग तिच्या हातात काही राहणार नाही. नॉरिसने सही केली. डोरीन मान फिरवून खिडकीबाहेर बघत होती.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी तो दारात उभा होता. मी त्याच्यापुढे पर्याय ठेवला. माझ्या मागच्या खोलीत मोठं टेबल आहे. आठवड्यातून एकदा येऊन त्याने तिथे कॉइल बांधावी, वात घालून तयार टँक घेऊन जावं. कुणाला धोका नाही.

त्याने आत डोकावून ते टेबल बघितलं.

"नको," तो म्हणाला. "मधेच करपली तर मी आठवडा थांबणार नाही. शेडमध्ये जाईन, दार लावून घेईन आणि स्वतःला पटवीन की शेड म्हणजे काही घर नव्हे. मी ओळखतो मला. ते तुझं तयार नळकांडं दे."

मी त्याला तीन प्रकार ओढून बघायला दिले. पहिला म्हणजे गरम पाण्याची वाफ, असं त्याचं मत पडलं. दुसऱ्याने ठसका लागला. तिसरा घेऊन तो दुकानाबाहेर गेला, फुटपाथवर उभा राहिला आणि पाच-सहा झुरके घेऊन परत आला.

"आधीच्यासारखी नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"बंद पडायच्या आधी मला सांग. दोन आठवडे लपवू नकोस."

त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. मी मान हलवली आणि पाचांची डबी कागदी पिशवीत घातली. कॉइल कधी बदलली ते लिहून ठेवायला त्याने माझ्याकडून एक पेन्सिल मागून घेतली आणि कोटाची गळपट्टी वर करून घरच्या वाटेला लागला.