पाठ केलेलं समीकरण

शाळेतली सफाईवाली सगळ्यांचीच मावशी होती. तिची मुलगी त्याच शाळेत दहावीत शिकत होती, आणि रसायनशास्त्रात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. समीकरण फळ्यावर लिहून होतं न होतं तोच ती आकडे सांगून मोकळी व्हायची. दोन्ही बाजूंचे अणू सारखे झाल्याशिवाय तिला चैन पडायची नाही, म्हणून रसायनाच्या बाई तिला लाडानं 'तराजू' म्हणायच्या.

त्या दिवशी शाळेची तपासणी होती. मुख्याध्यापकांनी सकाळीच मावशीला बजावलं, "संडासातले पिवळे डाग आज गेलेच पाहिजेत." मावशीनं ॲसिड ओतलं. डाग हलेनात. मग घाईघाईनं वरून ब्लीचची अर्धी बाटली रिकामी केली, आणि वास वर्गात जायला नको म्हणून दार आतून लावून घेतलं.

बाई पलीकडच्याच वर्गात शिकवत होत्या. आधी खोकला ऐकू आला, मग बादली पडल्याचा आवाज. दाराच्या फटीतून येणाऱ्या वासानंच त्यांना काय झालंय ते कळलं. शिपायानं खांद्यानं दार तोडलं. नाकावर ओले रुमाल धरून दोघांनी मावशीला ओढत उघड्यावर आणलं. तिचे ओठ निळे पडले होते.

मावशी वाचली, पण फुप्फुसं कायमची अधू झाली.

पाचव्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या. तराजू बाहेर बाकावर बसली होती.

"बाई, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

"हो."

"आणि ते ॲसिड म्हणजे आपलं हायड्रोक्लोरिक."

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"त्याच आठवड्यात मी ते समीकरण पाठ करत होते. आई म्हणाली, मोठ्यानं म्हण, ऐकायला बरं वाटतं. तीनदा म्हणून दाखवलं. मीठ, पाणी आणि क्लोरीन वायू. आई म्हणाली, किती गं अवघड शिकता. मला सुचलंच नाही, की हे तिच्या बाटल्यांबद्दल आहे."

"तुला कुठून सुचणार? मीच कधी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं शिकवतेय. रोज त्या बाटल्यांवरून जाते-येते."

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी अपघाताच्या अहवालाचा कागद बाईंपुढे सरकवला. 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' असं त्यात लिहिलं होतं.

"सही करा बाई. उगाच प्रकरण वाढायला नको."

बाईंनी सही केली नाही. 'ही दोन द्रावणं एकत्र करू नयेत, हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं,' असं खाली लिहून कागद परत दिला. दोन दिवसांनी नवा कागद टाइप झाला आणि त्यावर दुसऱ्याच शिक्षकांची सही झाली. बाईंनी स्वतः बाटल्यांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या. नव्या सफाईवालीला वाचता येत नव्हतं. मग तिला समोर उभं करून, दोन्ही बाटल्या दाखवून सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे आधीच्या मावशींचं असंच झालं होय?"

महिन्याभरानं बाई चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन मावशीच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. मावशी खिडकीशी उशांना टेकून बसली होती. दोन शब्द बोलायची, थांबायची, मग पुढचे दोन.

"पोरीचं... कसं काय?"

"सगळं बरोबर आहे. एकच प्रश्न सोडलाय, क्लोरीन वायूचा."

मावशीनं मुलीकडे पाहिलं. "येत नव्हता?"

"येत होता," तराजू म्हणाली.

"मग?"

पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं तराजू उठली आणि खाली नळावर गेली. मावशी श्वास सावरत दाराकडे बघत राहिली. बाई अर्धा तास थांबल्या. ती वर आलीच नाही.